बेसमेंटमधली सोनेरी माती

मी, रविकांत दामोदर टिल्लू, वय ७४, निवृत्त इंजिनिअर, राहणार एडमंटन, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी खरे लिहिले नव्हते.

१. हे घर १९५७ सालचे. बुटक्या छपराचे, रुंद खिडकीचे, गुलाबी टाइल्सच्या वॉशरूमचे. १९९१ साली घेतले तेव्हा सगळे म्हणाले, पाडा. मी हट्टाला पेटलो. नवी वायरिंग माळ्यावरून फिरवून जुन्या भिंतींत दडवली. बदललेला एक खिळासुद्धा दिसू दिला नाही. हे घर माझी मुलगी अनुया हिला देतो. कलम ४ वाचल्याशिवाय तिने आत पाऊल टाकू नये.

२. माझी सगळी हत्यारे कॉन्ट्रॅक्टर कॉलिनला द्यावीत. थंडी अडवायला माळ्यावर भरलेला चकाकता भुसा पाहून तो म्हणाला होता, "रवी, डोन्ट टच दॅट स्टफ. गेट इट टेस्टेड." हा आपले काम वाढवून घेतोय असे वाटून मी त्याला हाकलले आणि पुढे वर्षानुवर्षे चारचौघांत त्याची टिंगल केली. कॉलिन, तुझेच बरोबर होते.

३. चित्राचे दागिने अनुयाला. चित्रा, माझी बायको, तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने गेली. घरात कधी ॲस्बेस्टॉस हाताळलंत का, असे डॉक्टरांनी विचारले. मी नाही म्हणालो. मग गुपचूप भुसा तपासून घेतला. त्यात ॲस्बेस्टॉस निघाले. रिपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात आहे. अनुयाला सांगायचा धीर झाला नाही. मी भित्रा आहे.

४. अनुया, दिवाळीपर्यंत इथली जमीन गोठते. किल्ला कशाचा करायचा म्हणून तू रडलीस, तेव्हा मीच माळ्यावरून बादल्या भरून तो भुसा आणला. तू त्याला सोनेरी माती म्हणायचीस. आठ दिवाळ्या तू तो बेसमेंटमध्ये कालवून थापलास. वाळल्यावर आईने झाडला. छातीची तपासणी ताबडतोब करून घे. उरलेला भुसा मावळ्यांसकट जिन्याखालच्या खोक्यात आहे. तो कोणी उघडू नये. घर परवानाधारक माणसांकडून पाडून घे. मूळ रूप जपायची हौस माझ्याबरोबर संपू दे.

सहीपूर्वीची पुरवणी: खोक्यावर चिठ्ठी चिकटवायला शेजारच्या रवींद्रला खाली जायला सांगितले. तो जागचा हलला नाही.

"काका, तो बॉक्स लास्ट संडेला मीच अनुयाच्या गाडीच्या ट्रंकमध्ये ठेवला. तुम्ही झोपला होतात. ईशिताला किल्ला करायचाय म्हणाली."

ईशिता माझी नात. सहा वर्षांची.

कलम ४ माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. कॅलगरीला अनुयाच्या घरी फोन लावला आहे. मी तोंड उघडायच्या आत अनुया म्हणते, "बाबा, वन सेकंद, व्हिडिओ ऑन करते. हिचे हात बघा, कोपरापर्यंत सोनेरी झालेत!"

लिहून देणार: रविकांत दामोदर टिल्लू (फोन चालू असताना केलेली सही, तीच ग्राह्य धरावी)

समक्ष: रवींद्र सबनीस, सीमा सबनीस

एडमंटन, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५