वर्दी कुणी काढायला लावली

सोमवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तू मजेत असशील, म्हणून विचारत नाही. मला एवढंच सांग, दाजींचं बोलणं तू अर्धंच कसं लिहिलंस?

माझ्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून विचारत होतास. खाजगी पहारेकऱ्यांच्या कायद्यावर अभ्यास करतोय म्हणालास. मी वाढत होते आणि हे आपल्या पहाऱ्याच्या नोकरीचं खुलून सांगत होते. लग्नापासून माझ्याशी इतकं बोलले नाहीत. गोदामात चोर दिसला की सुपरवायझरचा हुकूम असतो, आधी वर्दीचा शर्ट काढायचा, मगच अंगाला हात लावायचा. काही झालं तर कंपनी नामानिराळी. तू मान डोलावून सगळं लिहून घेतलंस.

पुढे दाजींनी तसाच शर्ट काढून एकाला धरला, झटापटीत त्याचा हात मोडला. केस एकट्या यांच्यावर.

परवा कोर्टात कंपनीच्या वकिलाने तुझं नाव घेतलं. मी शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगितलं, माझा भाऊ आहे. मग त्याने तुझा लेख वाचला. वर्दी उतरवली की पहारेकरी कंपनीचा राहत नाही, केलं ते त्याचं त्याने निस्तरावं. ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी पदर नीट करत बसले.

फोन केला तर म्हणालास, "ताई, हुकुमाला पुरावा नव्हता." शर्ट काढतात हेही दाजींनीच सांगितलं होतं, ते बरं खरं धरलंस! का कंपनीने तुला अभ्यासासाठी आपली ऑफिसं उघडून दिली, म्हणून जीभ जड झाली?

दाजी बरे आहेत.

नाहीत बरे. ताटावरून तसेच उठतात. काल म्हणाले, "तो शिकलेला आहे. त्याने लिहिलंय म्हणजे माझंच चुकलं असेल." अजून तुझीच बाजू घेतात. भांडी घासून ठेवलेली होती, तीच मी परत घासली.

शुक्रवारी तारीख आहे. उभा राहा आणि सांग की हात मोडायच्या कितीतरी आधी दाजींनी हुकुमाचं तुला सांगितलं होतं. तुझ्याशिवाय ते कुणी ऐकलेलं नाही. मी बायको, माझं कोण धरणार?

येणार की नाही, गुरुवारी दिवे लागायच्या आत कळव. फोन नको, फोनवर तू फार गोड बोलतोस. लिहून पाठव, खाली सही कर.

तुझी ताई
शुक्रवारनंतर मला काय म्हणायचं ते तू ठरव.