मिठाच्या पाण्याऐवजी

सौ. निर्मलास, मुंबईहून आशीर्वाद.

आपल्या वंदनाच्या बाळासाठी पाळणा मी केला, त्यावरच्या चिमण्या मी कोरल्या, आणि तिसऱ्यांदा पडलेल्या गर्भाचा तुकडा तपासणीला न्यायचा बर्फाचा डबाही मीच ठोकला. बर्फ इथपर्यंत टिकला.

पण तपासणी होणार नाही. तुकडा मिठाच्या पाण्यात हवा होता. आपल्या दवाखान्यात त्यावर फॉर्मॅलिन ओतलं. पेशी मेल्या. दोष कशात होता ते आता कळायचं नाही, आणि नेपानगरच्या विहीणबाई "तुमच्या पोरीतच खोट" म्हणत राहतील.

मी दोन्ही वेळ जेवतो. वंदना जेवते ना? तिला काही सांगू नकोस, मी येऊन सांगेन.

दिगंबर

ता.क. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "दिगंबरभाऊ, बात वाढवू नका, काही घेऊन मिटवा." पाच हजार देत होते. मी नाही म्हटलं.