हिराकाकीची आखणी

रविवार, १० सप्टेंबर १९८९

आज संध्याकाळी साडेपाच वाजता, रोह्याच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत, माझा लेख तिथल्या शाळेतल्या साळवी मास्तरांच्या नावाने छापलेला पाहिला. पेणच्या मूर्तींचे डोळे कसे आखतात, त्यावरचा. 'श्वास धरून आख, नायतर देवाची नजर हलते', हे वाक्यसुद्धा तसेच.

मी मांडवातच त्यांना गाठले. "मास्तर, नक्कल केली म्हणून पोरांचे कान पिळत होतात ना?"

"बाई, तो श्वास हिराकाकीचा हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही तरी तिचं नाव कुठं घातलंय?"

लोक हसले. मी स्मरणिका घेऊन निघाले.

हिराकाकी पेणला आमच्या शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षे डोळे आखते. दोन दुपारी ती बोलली, मी उतरवून घेतले आणि मासिकात छापून आणले, 'एक कारागीर म्हणते'. एक कारागीर! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी यासाठी हातावर पट्टी मारली असती. पण बाकीचा लेख तर माझाच ना? की तोही तिचाच, फक्त शुद्ध भाषेत?

दमले आता. तरी मास्तरांना पत्र लिहिलेच: गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी खुलासा द्यावा. मग खाली आणखी एक ओळ घातली. हिराकाकीला मी काय सांगू, तेही त्यातच लिहावे.