अर्जातलं अंधारं घर

बाई, आज दहावीतल्या एका मुलीचा इंग्रजी निबंध मी तिच्यासमोर परत ठेवला. शिक्षणाने आमच्या घरातला अंधार दूर केला, असं तिने लिहिलं होतं. वाक्य वळणदार होतं. मी तिला तुमचाच प्रश्न विचारला आणि ती रडवेली झाली तरी वाक्य काढायला लावलं. या बाबतीत मी कोणाची गय करत नाही.

तो प्रश्न मला तुमच्या स्वयंपाकघरात मिळाला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी वस्तीत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि शाळेतल्या नोकरीचा अर्ज तुम्हाला दाखवायला आणला होता. तुम्ही तांदूळ निवडता आहात, ताट मांडीवर, अर्ज शेजारी पाटावर. वाचता वाचता तुमचा हात थांबतो. मी लिहिलं आहे की मी अंधाऱ्या घरात जन्मले आणि इंग्रजीने तिथे दिवा लावला.

"इंग्रजी येण्याआधी तुम्ही घरातले सगळे चाचपडत जेवत होतात का?" तुम्ही विचारता.

मी म्हणते, बाई, इंग्रजीत तसं लिहायची पद्धत आहे.

"असेल. पण उजेड लिहिलास की कोणीतरी अंधारात उभं राहतं. तू कोणाला उभं केलंस?"

आईला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती खिडकीत बसून वाती वळायची. कार्तिकात पंचगंगा घाटावर बांबूंना टांगलेल्या टोपल्यांत आकाशदीप लागत, त्यांतल्या कितीतरी वाती आमच्या घरून जात. त्याच खिडकीत, तिच्या कापसाशेजारी बसून मी पहिली अक्षरं गिरवली होती. तुम्ही पेन्सिलने वाक्य खोडलंत. जे दिसलं ते लिही, म्हणालात. दोन दिवसांनी मी नवा अर्ज घेऊन आले. त्यात खिडकी होती, कापूस होता, आई होती. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि मला चहा दिलात, जो तुम्ही सहसा कोणाला देत नसा. नोकरी लागली. तेव्हापासून किती वह्यांतली अशी वाक्यं मी खोडली असतील, आणि खोडली ते योग्यच केलं.

आज ती मुलगी डोळे पुसून उठताना म्हणाली, "मॅम, आपसे कभी नहीं हुआ?" मी तिला वही उचलून जागेवर जायला सांगितलं.

झालं होतं, बाई. तुम्ही वाचलात तो अर्ज घरीच राहिला. खिडकी आणि कापूस मला फार साधे वाटले, म्हणून मी जुनाच अर्ज पुन्हा नीट उतरवून पाठवला. मुलाखतीत साहेबांनी तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, बहुत सुंदर. पाकीट आईने बंद केलं होतं, कणकेची खळ शिजवून. कडा बोटाने दाबता दाबता तिने विचारलं, "माझंही काही लिहिलंयस का गं त्यात?"

मी हो म्हटलं.