सवतीचा श्वास

६ जानेवारी
आले एकदाची उत्तरेला कुसामोला, नवऱ्याच्या घरी! तुर्कूच्या भाड्याच्या खोलीतून सुटले. बाहेर उणे तीस आणि घरात मी बिनबाह्यांच्या झग्यात. ताउनोने सगळं घर दाखवलं, पण छाती फुगवून दाखवलं ते माळ्यावरचं हवेचं यंत्र. घर इतकं हवाबंद, की त्याच्याशिवाय गुदमरायला होईल. बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आणि ओलावा ते आपल्या कागदी घड्यांच्या गाभ्यात धरतं आणि आत येणाऱ्या ताज्या हवेला देतं. नवरा हौशी मिळाला बाई.

११ जानेवारी
नणंद लेम्पी वेलचीचे पाव घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, वहिनी, ते यंत्र दादाने इर्यासाठी बसवलं हो, तिच्या फुप्फुसांसाठी. शेवटी शेवटी ती झोपायच्या खोलीतून हललीच नाही, तिथेच गेली. गाभा तेव्हाचाच आहे, दादा बदलू देत नाही. मी हसले. हसले कसली, जळून खाक झाले. पहिल्या बायकोचं घरात काही ठेवलं नाही, असं मला सांगितलं होतं त्याने!

१९ जानेवारी
झोपायच्या खोलीत यंत्राची हवा ज्या झरोक्यातून येते, त्यातून ज्येष्ठमधाचा वास येतो. लेम्पीला विचारलं, तर इर्या खोकल्यावर त्याच्याच गोळ्या चघळायची म्हणे. ताउनो उशी नेमकी त्या झरोक्याखाली घेतो, माझ्याकडे पाठ करून. मी काय पाहुणी आहे का, विचारलं. तर म्हणतो, सिर्का, उगाच डोक्यात काही घेऊ नकोस, इथे हवा चांगली लागते. हवा लागते म्हणे! मेलेल्या बाईचा मला मत्सर वाटतो. लिहायला लाज वाटते, पण वाटतो.

२७ जानेवारी
तो लाकडं आणायला गेला तेव्हा गाभा काढला. गाद्या-गालिचे आम्ही कडाक्याच्या थंडीत बाहेर टांगतो, त्यातले किडे मरतात. तसाच हाही दिवसभर बर्फात ठेवला. मर एकदाची, सवतीबाई, म्हटलं. तो यायच्या आत परत बसवला. वास गेला!

२८ जानेवारी
वास नाही. पण झरोक्यातून वाफ येते. तोंडातून येते तशी, थांबून थांबून.
अंगणात जाऊन उभी राहिले. एवढ्या थंडीत माझ्या तोंडातून वाफ निघतच नाही.

३० जानेवारी
हातपाय गार. चुलीला चिकटून बसले तरी — माझी ऊब ती ओढून घेतेय. गाभा फोडायला निघाले, तर ताउनो शिडीला आडवा उभा. ओरडले, रडले. हलला नाही.

१ फेब्रुवारी
यंत्राची तार उपटली. तरी चालूच —
लेम्पी आली. दारातच म्हटलं, मला इथून घेऊन चल. मी दिसलेच नाही अशी ती माझ्या बाजूने आत गेली. खोलीत डोकावून म्हणाली, अगं वहिनी, गालांवर काय लाली आलीय आज! मी तर तिच्या मागे उभी होते —

२ फेब्रुवारी
ताउनो हसतोय. टेबलावर दोन कप. धावत जाऊन खुर्चीत बसले. माझी जागा आहे ही, त्याची बायको मी आहे, मी —
कॉफी ओतून तो म्हणाला, बस ना, इर्या.
आणि माझ्या मांडीवर कुणीतरी येऊन बसलं, चांगलं ऊबदार —