दुधातलं तूप

शुक्रवार, संध्याकाळ

काल चुकीचं लिहिलं. पित्त पित्ताशयात तयार होत नाही, यकृतात होतं. पित्ताशय ते नुसतं साठवतं आणि तेलातुपाचं खाल्लं की आकसून आतड्यात सोडतं. आज परभणीत आईच्या सोनोग्राफीत खडे दिसले, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं.

म्हणजे कळ आली की घरच्या रिवाजाप्रमाणे मी दुधात चमचाभर तूप द्यायचे, त्यानंच कळ वाढायची? तो चमचा डोळ्यांपुढून हलत नाही. आईला सांगितलं, तर हसली.

"येडे, मीच शिकवलं की तुला!" मग हळूच, "पिशवी काढल्यावर अन्न पचंल का गं?"

"पचेल. पित्त थेट आतड्यात येत राहतं."

"मग काढू दे. लय सोसलं."

इतक्या लवकर हो म्हणेल वाटलं नव्हतं. सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला दाखल करायला नेणार.