दुर्गाप्रसादच्या चेनीला दिलेलं तेल

प्रिय नीतूच्या बाबांना,

रायपूरच्या बसने पाठवलेली पिशवी देवरीला मिळाली. एक चादर, नीतूचा स्वेटर, पावशेर खजूर आणि माझ्या बांगड्या. कंडक्टरने तीस घेतले, देवरीला जाण्यायेण्याचे ऐंशी लागले. म्हणजे खजुरापेक्षा त्याचा प्रवास महाग. पुढच्या वेळी स्वतःच घेऊन या. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहून राहिली.

मोटारसायकलच्या चेनीला लावायच्या आपल्या तेलाला गावात अजून मागणी आहे. गॅरेजचं जळकं ऑइल जुन्या लुगड्यातून गाळायचं, मेणबत्तीचे तुकडे वितळवून घालायचे, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने चेनीच्या कडीकडीला चोळायचं. बाजारातल्या डबीला तीनशे मोजणारे आता बाटली घेऊन आपल्या दारात येतात. कार्तिकातली पहाटेची काकडआरती सुरू व्हायच्या आधी एक दिवस दुर्गाप्रसादही आला. तळ्याचं पाणी पाळीपाळीने सोडायचं काम तुमचं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भर बैठकीत तुमच्या तोंडावर "बिसराम पाणकर तळ्याचं पाणी विकते" म्हणणारं तेच तोंड घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, थोडं तेल द्या ना. चेन लय वाजून राहिली."

मी चहा दिला नाही, पण उद्या भरून देते म्हटलं. तो गेल्यावर विचार करत बसले. त्याच्या गाडीची फटफट अर्ध्या गावाला ऐकू येते. त्यात चेनीचा आवाज कोणाला ऐकू येणार? जो इंजिन बंद करून गाडी ढकलत नेतो, त्यालाच. आणि आपल्या गावात गाडी ढकलत न्यायला मंदिरामागची तळ्याची पाळ सोडून दुसरी वाट कोणती? पाण्याची पाळी सावित्रीबाईंची असली तरी धानाची बांधी त्याचीच भरलेली का असते, आणि चोर ठरून रायपूरला मात्र तुम्हाला का जावं लागलं, ते मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आपलीच एक बाटली भरून दिली. आत डिझेल होतं, वरून दिव्याची काजळी घोळलेली. रंग अगदी आपल्या तेलाचा. "रोज लावा, भाऊजी, सगळी घाण निघते," म्हणून सांगितलं. खोटं नाही बोलले. घाण निघाली, घाणीबरोबर होतं नव्हतं ते ग्रीसही निघालं, आणि वर कार्तिकाचं दव, म्हणजे गंजच. मागणाऱ्याला तेलाऐवजी डिझेल दिलं, त्याचं मी मारुतीपुढे बोलून घेतलं आहे. तिथला दिवा चांगल्या तेलाचाच लावते.

एकादशीला पहाटे आरती संपली. घंटा थांबली, सगळे डोळे मिटून उभे. आणि मागून तळ्याच्या पाळीवरून चेनीचा आवाज आला, डुकराचं पिल्लू दाबल्यासारखा. थोडा थांबे, पुन्हा येई. पुरुष उठून गेले, त्यांच्यामागे मीही आरतीचं ताट हातात घेऊनच गेले. तळ्याचं पाणी सोडायचं दार उघडं, दुर्गाप्रसाद गाडीचं हँडल धरून उभा, धोतर कमरेपर्यंत ओलं. सावित्रीबाई म्हणाल्या, "गाडीले पाणी पाजाले आणलं का, दुर्गाभाऊ?" कोणी हसलं नाही. मीही नाही. घरी येऊन हसले.

संध्याकाळी त्याची बायको तांदळाची चुंगडी घेऊन आली. चुंगडी परत पाठवली, माझी बाटली तेवढी मागून घेतली. पंचांनी ठरवलं, त्याने मारुतीसमोर नारळ ठेवून माफी मागायची आणि पाणकराचं काम पुन्हा तुमच्याकडे. ते लगेच उरकत होते. मी म्हटलं, ज्याचं नाव घेतलं तो माणूस समोर पाहिजे. पौर्णिमेनंतरचा रविवार ठरला.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐका. मी तुम्हाला ओळखते. तो पायाशी वाकला की तुम्ही त्याला उचलून धराल, "जाऊ दे, होते असं" म्हणाल, घरी चहाला आणाल. तसं करू नका. नीतूला शाळेत 'पाणीचोराची पोरगी' म्हणून राहिले होते, तेव्हा तिला कोणी उचलून धरलं नाही. पोळ्याला जे जे बोलला ते सगळं त्याने त्याच तोंडाने परत घ्यावं, तोवर त्याला वाकू द्या. चहाचं भांडं मी चुलीवर ठेवणार नाही. कोणत्या बसने येता ते उलट टपाली कळवा, आणि त्याला उचलणार नाही, हेही त्यातच लिहा. ते लिहिलं असेल तरच मी देवरीला घ्यायला येईन.

तुमचीच,
गंगा